नकोशा गोष्टींची विशेषणं : प्रस्तावना

माझी भाची इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. रुजू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. रात्रपाळीला एका वयस्कर बाईंनी तिला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, 'आय फील अ बिट फनी, डिअर.' भाचीचं इंग्रजी चांगलं, परीक्षेतले गुणही उत्तम. तिने शाळेपासून 'फनी' म्हणजे गमतीदार असंच पाठ केलेलं. बाईंना काहीतरी गंमत वाटतेय अशा समजुतीने ती हसली, त्यांची उशी सारखी केली आणि पुढच्या खाटेकडे निघाली. शेजारी उभी असलेली अनुभवी सहकारी मात्र तडक बाईंपाशी गेली. तिने रक्तदाब मोजला. तो बराच उतरला होता. बाईंना वेळेवर उपचार मिळाले, पण भाची त्या रात्री पार हादरून गेली. पहाटे तिचा फोन आला. 'मावशी, फनीचा अर्थ नक्की काय गं?'

मी तिला एवढंच विचारलं, 'तुझी आजी दुपारी ओसरीवर पदराने वारा घेत म्हणायची, कसंतरीच होतंय गं, तेव्हा तू काय करायचीस?'

'पाणी आणायचे. आईला हाक मारायचे.'

'तेच ते फनी.'

हे पुस्तक त्या फोनमधून सुरू झालं. भाचीकडे अर्थ होता, तो तिच्या घरातच होता. पण शाळेने इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द चिकटवून दिला होता आणि 'कसंतरीच' हा शब्द त्या शाळेत कधी शिरलाच नव्हता. तो व्याकरणाच्या पुस्तकात बसत नाही, निबंधात चालत नाही, म्हणून कोणी तो इंग्रजी शब्दासमोर लिहीत नाही. मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यानंतर भाषांतरं केली. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत मी काय पाहिलं? 'नॅस्टी' म्हणजे वाईट. 'ऑफुल' म्हणजे वाईट. 'हॉरिड' म्हणजे वाईट. 'अनप्लेझंट' म्हणजे वाईट. पानभर शब्द आणि समोर एकच उत्तर. जणू मराठी माणसाला आयुष्यात एकाच प्रकारचं वाईट वाटतं!

खरं तर नकोशा गोष्टींच्या बाबतीत आपली भाषा श्रीमंत आहे. बंद खोलीचा वास कोंदट, दमट कपड्यांचा कुबट, जुन्या खोबऱ्याचा खवट, उतू जाऊन जळलेल्या दुधाचा करपट, आदल्या दिवशीच्या वरणाचा आंबूस. ही सगळी विशेषणं आपल्या आया-आज्यांनी नाकाने पारखून घेतलेली आहेत. इंग्रजीतही हीच वाटणी आहे आणि तितकीच काटेकोर आहे. कोंदट खोली 'स्टफी', कुबट कपाट 'मस्टी', खवट तेल 'रॅन्सिड', शिळा पाव 'स्टेल', बुरसटलेला पाव 'मोल्डी', नासलेलं दूध 'सावर', सडलेलं अंडं 'रॉटन'. पावाला कोणी 'रॅन्सिड' म्हणत नाही आणि अंड्याला 'स्टेल' म्हणण्यात अर्धीच गोष्ट सांगितली जाते. स्वयंपाकघरातून सुरुवात केली तर हे शब्द एका दुपारी शिकवून होतात. मी शिकवून पाहिले आहेत. खवट शेंगदाणा प्रत्येक मुलीच्या हातावर ठेवला, तिने तो चावला, तोंड वाकडं केलं आणि मगच फळ्यावर 'रॅन्सिड' लिहिलं. वीस वर्षांनी भेटलेल्या एका विद्यार्थिनीला बाकी काही आठवत नव्हतं, तो शेंगदाणा आठवत होता.

वास आणि चव सोपे, कारण तिथे वाईटपणा वस्तूत असतो हे दोन्ही भाषांना मान्य आहे. अडचण पुढे येते. नकोसेपणा नेमका कुठे राहतो, वस्तूत, माणसात, प्रसंगात की माझ्या मनात, याचं उत्तर इंग्रजी आणि मराठी वेगवेगळं देतात. माझ्या मते सगळी गफलत इथे आहे आणि या पुस्तकात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

मराठीत मला कंटाळा येतो, मला किळस येते, मला संकोच वाटतो, मला शिसारी येते, मला कसंसंच होतं. भावना बाहेरून माझ्याकडे येते. मी 'मला' असतो, चतुर्थीतला माणूस, ज्याच्यावर काहीतरी येऊन पडतं. इंग्रजीला असं चालत नाही. तिथे वाक्याच्या सुरुवातीला कर्ता हवा आणि त्याच्याबद्दल बोलणारं विशेषण हवं. मग एकाच किळसेची दोन विशेषणं होतात. ज्याच्यामुळे ती येते ते 'डिसगस्टिंग' आणि ज्याला येते तो 'डिसगस्टेड'. 'बोरिंग' व्याख्यान आणि 'बोअर्ड' श्रोता. मराठी मुलं सर्रास 'आय अ‍ॅम बोरिंग' म्हणतात आणि मास्तर लाल शाईने खूण करतात. पण चूक शब्दाची नसते. त्या मुलाच्या मनात 'मला कंटाळा आलाय' असतं, त्यातला 'मला' इंग्रजीत कुठे ठेवायचा हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं. 'एम्बॅरॅसिंग' आणि 'एम्बॅरॅस्ड', 'अनॉयिंग' आणि 'अनॉइड' यांच्या जोड्या मी पुस्तकात एकाखाली एक छापल्या आहेत आणि प्रत्येक जोडीपुढे 'मला'चं वाक्य दिलं आहे.

हीच गोष्ट उलट्या दिशेनेही घडते. 'ऑकवर्ड' हा शब्द मराठीने आता आपला करून घेतला आहे. पुण्यातली, ठाण्यातली, नागपुरातली मुलं काय म्हणतात? 'मला एकदम ऑकवर्ड झालं.' इंग्रजीत विशेषण होतं, मराठीने त्याला 'कसंसंच'च्या जागी बसवलं, मागे 'मला' लावला, पुढे 'झालं' जोडलं. शुद्धतेच्या आग्रहापायी अनेकजण यावर नाराज होतात. मला मात्र यात मराठीची ताकद दिसते. परका शब्द आला तरी त्याने आपल्या घराच्या रीतीने बसायला हवं हे भाषेने कुणालाही न विचारता ठरवून टाकलं.

'ऑकवर्ड'वर या पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्च झाली आहेत. जुन्या नॉर्स भाषेत 'उलट्या बाजूला वळलेलं' अशा अर्थाचा एक शब्द होता, त्यातून हा आला. शेवटचा 'वर्ड' म्हणजे दिशा, 'फॉरवर्ड', 'बॅकवर्ड'मधला तोच. म्हणजे मुळात चुकीच्या दिशेला गेलेलं ते 'ऑकवर्ड'. हे मूळ ध्यानात ठेवलं की त्याचे सगळे अर्थ एका धाग्यात येतात. 'ऑकवर्ड एज' म्हणजे अडनिडं वय. याहून नेमका प्रतिशब्द कुठल्याही भाषेत असेल असं मला वाटत नाही. लहानही नाही, मोठंही नाही, बाही आखूड झालेली, आवाज फुटलेला. 'ऑकवर्ड क्वेश्चन' म्हणजे पेचात टाकणारा प्रश्न. 'ऑकवर्ड टाइम' म्हणजे गैरसोयीची वेळ. 'ऑकवर्ड कॉर्नर' म्हणजे कपाट जिन्यावरून वर नेताना जिथे अडतं तो अडचणीचा कोपरा. 'ऑकवर्ड कस्टमर' हा अडाणी गिऱ्हाईक नव्हे, तो अडून बसणारा, कशालाच न वळणारा माणूस. आणि 'ऑकवर्ड सायलेन्स'? इथे मी भाषांतरकारांना हात जोडून सांगते, 'विचित्र शांतता' लिहू नका. आपण ती शांतता अशी सांगतोच कुठे? आपण म्हणतो, 'कोणी काही बोलेना.' किंवा, 'सगळेच कानकोंडे झाले.' कानकोंडं होणं हा शब्द कादंबऱ्यांतून हळूहळू नाहीसा होतोय. त्याच्यासारखा शब्द टाकून देणं आपल्याला परवडणारं नाही.

अंगाच्या हालचालीतला 'ऑकवर्ड' वेगळा. तिथे त्याच्या शेजारी 'क्लम्झी' उभा असतो. 'क्लम्झी'च्या मुळाशी मध्ययुगीन इंग्रजीतलं, थंडीने बधिर होणं अशा अर्थाचं एक क्रियापद आहे. गारठलेल्या बोटांतून वस्तू सुटते, तो क्लम्झीपणा. आपला 'अवघडणं' हा शब्दही अंगातूनच आलेला. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय अवघडतात. दिवस भरत आलेली बाई अवघडलेली असते. आणि परक्या घरी, अनोळखी माणसांत, आपण अवघडून बसतो. शरीराचा ताठरपणा मनाला लावण्याची ही युक्ती दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता केली.

डावं-उजवंही तसंच. फ्रेंचमध्ये 'गॉश' म्हणजे डावा, इंग्रजीत तो झाला चारचौघांत कसं वागावं हे न कळणारा. लॅटिनमध्ये 'सिनिस्टर' म्हणजे डावा, इंग्रजीत तो झाला अशुभ, कपटी वाटणारा. उजव्या हाताच्या शब्दांतून 'डेक्स्टरस' आणि 'अ‍ॅड्रॉइट' हे कुशलतेचे शब्द निघाले. संस्कृतातला 'दक्षिण' म्हणजे उजवा आणि निपुणही. लॅटिनमधला 'डेक्स्टर' हा त्याचा सख्खा नातलग. आपण अजूनही दोन सुनांत डावं-उजवं करू नये म्हणतो. जगातल्या सगळ्या डावखुऱ्यांवर भाषांनी केलेला हा अन्याय आहे आणि तो शिकवताना मी वर्गातल्या डावखुऱ्या मुलांकडे बघून आवर्जून तसं म्हणायचे.

नात्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन नाती सांगायलाच हवीत. घाण, दुर्गंधी, नियमबाह्य खेळ या सगळ्यांना लागणारा 'फाउल' आणि जखमेत होणारा आपला 'पू' एकाच धातूचे. सडणं, कुजणं हा त्याचा मूळ अर्थ. पितृ आणि 'फादर' यांच्यात जसा 'प'चा 'फ' झाला तसाच इथे. कबड्डीच्या मैदानावर पंच 'फाऊल' ओरडतो तेव्हा त्या शब्दात हजारो वर्षांपूर्वीची कुजकी जखम आहे. दुसरं नातं मला आजही नवल वाटावं असं आहे. 'हॉरिबल', 'हॉरिड', 'हॉरर' हे ज्या लॅटिन क्रियापदातून आले त्याचा अर्थ केस ताठ उभे राहणं. संस्कृतातला 'हृष्' त्याचाच सगोत्र. म्हणजे 'हॉरिबल' आणि 'हर्ष' एका कुळातले. अंगावर काटा येतो तो भीतीनेही आणि आनंदानेही. एका भाषेने एक वाट धरली, दुसरीने दुसरी. आपल्या 'रोमहर्षक' शब्दात दोन्ही वाटा अजून एकत्र दिसतात.

विशेषणं अशी वाट बदलतात हे शिकणाऱ्याने सुरुवातीलाच मान्य केलेलं बरं. 'ऑफुल' म्हणजे एकेकाळी ज्यापुढे मान झुकावी असं, आदरयुक्त भीती वाटायला लावणारं. एकोणिसाव्या शतकात ते नुसतं 'फार वाईट' होऊन बसलं. 'ऑफुली काइंड'मध्ये तर वाईटपणाही गेला, उरला फक्त जोर. 'टेरिफिक' भीतिदायक होतं, आज ते कौतुक आहे. 'नाइस' लॅटिनमधल्या अडाणी, अजाण या अर्थाच्या शब्दातून आलं आणि मूर्ख या अर्थापासून चालत चालत छानपर्यंत पोचलं. विद्यार्थी हे ऐकून चक्रावतात. मग मी त्यांना 'चमत्कारिक' शब्द देते. चमत्कार म्हणजे अद्भुत, पण 'तो माणूस जरा चमत्कारिक आहे' म्हटलं की त्याच्याशी जपून वागायचं. 'भयंकर आवडलं' म्हणताना कोणाला भय वाटत नाही. हे सगळं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, म्हणून दिसत नाही.

नेमका शब्द न साधल्यास काय होतं याचा सर्वांत गाजलेला दाखला हिमालयातला आहे. 1921 साली एव्हरेस्टच्या पाहणीसाठी गेलेल्या ब्रिटिश मोहिमेला बर्फात मोठ्या पाऊलखुणा दिसल्या. मोहिमेचे नेते हॉवर्ड-बरी यांना त्या बहुधा लांडग्याच्या वाटल्या. बरोबरच्या शेर्पांनी मात्र 'मेतोह-कांगमी' असं नाव सांगितलं. कलकत्त्याच्या 'द स्टेट्समन'साठी लिहिणारे हेन्री न्यूमन यांनी परतलेल्या मंडळींशी बोलताना 'मेतोह'चा अर्थ गलिच्छ असा घेतला आणि त्यावरून इंग्रजीत नाव दिलं, 'अबॉमिनेबल स्नोमॅन'. तो अर्थ चुकीचा होता. पण विशेषण इतकं भारदस्त, इतकं अंगावर येणारं होतं की जगभर तेच चाललं. 'अबॉमिनेबल' म्हणजे अपशकुनासारखं दूर सारावं, तोंड फिरवावं असं. त्यात 'ओमेन' हा शकुनाचा शब्द दडलेला आहे. मराठीने त्या प्राण्याला साधं 'हिममानव' म्हटलं. न दिसलेल्या जिवावर गलिच्छपणाचा शिक्का मारला नाही, याचं मला फार समाधान वाटतं.

माणसाला विशेषण लावताना तर दहादा विचार करावा. 'होमली' हा शब्द आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिरातींत वर्षानुवर्षं छापला जातोय. घरगुती, साध्या वळणाची मुलगी असं आई-बापांना म्हणायचं असतं. ब्रिटनमध्ये तो घराला किंवा जेवणाला लावला तर ऊबदार अर्थ देतो. अमेरिकेत मात्र 'होमली' बाई म्हणजे दिसायला बरी नसलेली. स्थळ न्यू जर्सीचं असेल आणि मुलगा तिथेच वाढलेला असेल, तर त्या एका शब्दाने मुलीचा काय परिचय पोचत असेल? 'सिक'ही असाच समुद्र ओलांडून बदलतो. अमेरिकेत 'आय फील सिक' म्हणजे बरं नाही. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ बहुतेक वेळा मळमळतंय, आणि 'आय अ‍ॅम गोइंग टु बी सिक' म्हटलं की तत्काळ भांडं पुढे करायचं. भाचीने मला हे सांगितलं तेव्हा मी शिकवलेल्या तीस वर्षांतल्या सगळ्या मुलींची मनातल्या मनात क्षमा मागितली. मी त्यांना 'सिक' म्हणजे आजारी एवढंच शिकवलं होतं.

'नॅस्टी'बद्दल थोडं. वास नॅस्टी असतो तेव्हा तो घाणेरडा, माणूस नॅस्टी असतो तेव्हा तो खाष्ट किंवा दुष्ट. पण 'नॅस्टी कट' ही घाणेरडी जखम नव्हे, ती खोल आणि काळजी करण्याजोगी जखम. 'नॅस्टी फॉल' म्हणजे जोराने, वाईट पडणं. 'नॅस्टी टर्न' म्हणजे अचानक घेरी येणं, जीव घाबरा होणं. शेवटच्या तिन्हींत तिरस्काराचा लवलेश नाही, उलट सहानुभूती आहे. ज्या शब्दकोशात 'नॅस्टी'समोर फक्त ओंगळ लिहिलंय, तो वाचून कोणी या वाक्यांचं भाषांतर करील तर आजाऱ्याची विटंबना होईल.

किळसेच्या शब्दांसाठी मला आधार मिळाला तो थेट नाट्यशास्त्राचा. भरतमुनींनी बीभत्स रसाचा स्थायीभाव जुगुप्सा सांगितला आणि रक्ताने येणारी किळस क्षोभज, तर विष्ठा, किडे यांनी येणारी किळस उद्वेगी, असं वेगळं केलं. इंग्रजीतले 'गोरी' आणि 'फिल्दी' याच रेषेच्या दोन बाजूंना पडतात. मी किळसेचं प्रकरण याच वाटणीवर रचलं आहे. त्यात एक तिसरा गट मला घालावा लागला, स्पर्शाचा. 'स्लायमी', 'क्लॅमी', 'सॉगी' यांच्यासमोर गिळगिळीत, लिबलिबीत, बुळबुळीत असे शब्द ठेवताना कोणताही शब्दकोश उघडावा लागला नाही. पावसाळ्यात बादलीच्या बुडाला हात लावलेला माणूस ते शब्द जन्मभर विसरत नाही.

मागच्यांचं ऋण मोठं आहे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती 1857 साली आली. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 सालचा. शेतातले, घरातले, बाजारातले शब्द या मंडळींनी लाज न बाळगता नोंदवले, सभ्य-असभ्य असा भेद फारसा न करता. नंतरच्या शालेय कोशांनी मात्र तो खजिना गाळून, धुऊन, वर्गात चालेल एवढाच उरवला. या पुस्तकात मी शक्य तिथे मागे गेले आहे. प्रत्येक विशेषणाखाली चार गोष्टी सापडतील: ते वस्तूला, माणसाला, प्रसंगाला की वाटणाऱ्याला लागतं, 'व्हेरी' त्याला चालतं की नाही, कारण 'ऑफुल'मध्ये टोक आधीच गाठलेलं असतं आणि तिथे 'व्हेरी'पेक्षा 'अ‍ॅब्सोल्यूटली' शोभतं, ते तोंडावर बोलण्यासारखं आहे का, आणि एक मराठी वाक्य. मराठी शब्द नव्हे, वाक्य. अनेक ठिकाणी विशेषणाच्या जागी क्रियापद किंवा नाम आलं आहे, ते मुद्दाम.

भाची अजून वॉर्डात कानावर पडलेले शब्द मला पाठवत असते. छपाईच्या आदल्या आठवड्यात तिने 'रोपी' पाठवला. एक निवृत्त बसचालक सकाळी सकाळी तिला म्हणाले होते, 'फीलिंग अ बिट रोपी.' ताप नव्हता, दुखत काही नव्हतं, पण बरंही नव्हतं. मी समोर लिहिलं, 'अंगात कसर आहे.' तिने लगेच कळवलं, 'मावशी, कसर तर नाम आहे, विशेषण नाही.' मग तिचाच दुसरा निरोप आला. तिने त्या दिवशी त्यांच्या नोंदीत इंग्रजीतून 'सकाळपासून बरं वाटत नाही' असं लिहिलं होतं आणि दर तासाला तापमान बघायला सांगितलं होतं. दुपारी ताप चढला. पुस्तकातली नोंद मी तशीच ठेवली आहे.